काका सभागृहात हवेत

एका बुटाची नाडी पूर्ण सोडलेली. पाय तरीही मावत नाही.

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एक यंत्र रिकामं आहे.

मुख्यमंत्र्यांनी नवा कोट घातलाय.

प्रेक्षक सज्जात एक बाई घड्याळाकडे बघतेय. भाषणाकडे तिचं लक्ष नाही.

बूट मत्स्यमंत्र्यांचा. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांची मूत्रपिंडं कधीच संपावर गेली होती, दिवसाआड डायलिसिस. परवाचं मंत्रिमंडळाच्या बैठकीपायी बुडालं. आजचं बुडालं तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टर त्यांच्या बायकोला, म्हणजे सज्जातल्या बाईला, तोंडावर म्हणाले होते. आणि आज तीन पक्षांच्या सरकारवर विश्वासदर्शक ठराव होता. बहुमत एका मताचं. काका उठले की सरकार बसलं.

"चारला मतदान," पक्षाचा प्रतोद म्हणाला. "हात वर केलात की गाडी दारात."

"साहेब किती बोलणार?"

"दहा मिनिटं."

"अरे, त्यांना नमस्कार करायलाच दहा लागतात."

दोघं हसले. काकांना धाप लागली.

चार वाजून गेले. मुख्यमंत्री अजून स्वतःच्या बालपणातच होते.

"सविस्तर होऊ द्या!" विरोधक ओरडले. त्यांनी काकांचा चेहरा पाहिला होता. "मासळी शिळी व्हायला लागली, सावकाश होऊ द्या!"

दोन्ही बाजू खदखदून हसल्या. मुख्यमंत्रीही हसले, घोटभर पाणी प्यायले आणि कॉलेजच्या दिवसांकडे वळले.

काका अर्धवट उठले. मागून प्रतोदाचा हात खांद्यावर आला. ते बसले.

बायको खाली आली. प्रतोद दारात भेटला.

"भाऊजी, सोडा हो त्यांना. पाया पडते."

"वहिनी, एका मताचा प्रश्न आहे."

"मग भाषण तरी आटपायला सांगा."

"मध्ये टोकलेलं साहेबांना खपत नाही."

"आणि हे गेले तर?"

"असं अभद्र बोलू नये. मतदानाआधी तर मुळीच नको."

अंधार पडता पडता मतदान आलं. काकांचा हात वर जाईना. शेजारच्या शिक्षणमंत्र्यांनी कोपराखाली आधार देऊन उचलला.

"अध्यक्ष महाराज, हा हात नक्की कुणाचा?" विरोधी बाकांवरून हरकत आली.

अध्यक्षांनी सदस्याला तोंडानं सांगायला लावलं.

"बाजूनं," काका म्हणाले.

ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणा.

"बाजूनं."

मग तिसऱ्या पक्षाचे सगळे मंत्री ठरावाविरुद्ध उभे राहिले. सरकार पडलं. काकांना कुणीतरी उचलून बाहेरच्या बाकावर आडवं केलं. गाडी दारात नव्हती. प्रतोद तिच्यातून साहेबांच्या मागोमाग राज्यपालांकडे गेला होता. बायको त्यांचे तळवे चोळत राहिली. गाडी परत आली तेव्हा तिनं चोळणं थांबवलं होतं.

तिसऱ्या पक्षाच्या नेत्यानं आपण विरोधात मत देणार हे मुख्यमंत्र्यांना त्या दिवशी सकाळीच, नाश्त्याच्या टेबलावर सांगितलं होतं.