नोरीनचा नवरा

आयर्लंडमधल्या रॉसकॉमनकडच्या आपल्या गावात फिन्टन गेरटी सुतार म्हणून ओळखला जायचा, पण त्याहून जास्त ओळखला जायचा तो बोलण्यासाठी. गुरांच्या बाजाराच्या दिवशी तो पबमध्ये शिरला की लोक स्टूल पुढे सरकवत. मयताच्या घरीही त्याला कोपऱ्यात बसू देत नसत. तिथे मयतापाशी गप्पा मारत रात्र जागवतात, आणि रात्र काढायची तर फिन्टन हवा. त्याची बायको नोरीन बाजूला त्याचा कोट हातात धरून उभी असे. तिला कुणी काही विचारलं तर उत्तर फिन्टन देई. बावीस वर्षांच्या संसारात गावातल्या निम्म्या लोकांना तिचं नावही माहीत नव्हतं. फिन्टनची बायको म्हटलं की भागत होतं.

मग काम आटलं, आणि ऑस्ट्रेलियात सुतारांना मागणी आहे असं कळल्यावर दोघं जेराल्डटनला आली. पाच वर्षं काढायची आणि परत फिरायचं असं ठरलं होतं. भाषेची काळजी कुणीच केली नाही. इंग्रजीच ती, तिथेही बोलतात, इथेही बोलतात.

पहिल्याच दिवशी मुकादमानं विचारलं, "कसा चाललायस?" इथे 'कसा आहेस' असं विचारायची ही रीत.

"गाडीनं आलो," फिन्टन म्हणाला.

मुकादमाचं नाव वॉरन. सगळे त्याला वॉझा म्हणत. त्यानं फिन्टनकडे जरा वेळ पाहिलं आणि हातात हातोडी दिली. दुपारी फिन्टननं खिळ्यांचा डबा 'प्रेस'मध्ये ठेवायला सांगितला. त्याच्या गावी प्रेस म्हणजे कपाट. इथली पोरं छापखाना शोधत बसली. लाकडाचा ट्रक आला तेव्हा तो वॉझाला म्हणाला, "तुझा माणूस आला." रॉसकॉमनला कुणालाही 'तुझा माणूस' म्हणतात, म्हणजे आपला तो अमका.

"माझा कुठला माणूस?" वॉझा म्हणाला. "त्याला तर मी ओळखतही नाही."

हे सगळं फिन्टननं हसून सोडून दिलं असतं. खरं दुखणं वेगळं होतं. इथे त्याच्या गोष्टी चालेनात. सकाळच्या चहाच्या सुट्टीला इथे 'स्मोको' म्हणत, ती पंधरा मिनिटांची. फिन्टनची सगळ्यात गाजलेली गोष्ट, चर्चमध्ये शिरलेल्या मामाच्या गाईची, बारा मिनिटांची. पण आधी मामा कोण, त्याचं शेजाऱ्याशी का पटत नव्हतं, त्या वर्षी गवत कसं होतं, हे सांगावं लागे. गाय चर्चच्या दाराशी पोचेपर्यंत माणसं कप झटकून उठत. "फिनो, लेका, मुद्द्यावर ये," वॉझा म्हणे. इथली माणसं तोंड न हलवता चार शब्द बोलत आणि त्यावर हसत. ते चार शब्द विनोद होते हे फिन्टनला हसणं संपल्यावर कळे.

नोरीनला वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं. पहिले दोन महिने ती तिथेही गप्पच असावी. मग, गवतातून चालून आल्यावर मोज्यांना कुसळं चिकटावीत तसे शब्द तिला चिकटून घरी येऊ लागले. दुपारला ती 'अर्व्हो' म्हणू लागली, न्याहारीला 'ब्रेकी'. काहीही विचारलं की आधी "हो" म्हणायची आणि मग "नाही", म्हणजे उत्तर नाही असं समजायचं.

"दुपार म्हण," फिन्टन म्हणाला. "तोंड झिजणार आहे का?"

"हो. नाही," नोरीन म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

ते हसणं त्याच्या ओळखीचं नव्हतं. बावीस वर्षांत ऐकलेलं प्रत्येक हसणं त्याच्याच एखाद्या वाक्यानंतर आलेलं होतं. हे त्याच्याशिवाय आलं.

दर शुक्रवारी संध्याकाळी ती कामावरच्या बायकांबरोबर बोल्सच्या क्लबात जाऊ लागली. हिरवळीवर म्हातारी माणसं लाकडी चेंडू घरंगळवत तिथे. तिनं त्याला तीनदा बोलावलं. पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला चेंडू घरंगळताना बघायची हौस नाही, असं त्यानं तिन्ही वेळा सांगितलं. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही, आणि ते त्याला लागलं.

मग ग्लेनोचं नाव घरात आलं. ग्लेनो म्हणाला, वारा पडला की खाडीवर जावं. ग्लेनो म्हणाला, ते मटण असं भाजू नये. नोरीननं हिरवा ब्लाउज घेतला. फिन्टनला कधी नव्हे ते तिच्या कपड्यांचे रंग दिसू लागले. शुक्रवारी ती केस धुते, गुरुवारी नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. छतावर वासे ठोकताना ग्लेनोचं तोंड कसं असेल हे तो ठरवत बसे. उन्हानं रापलेलं असेल, दात पांढरे असतील. मासेमारीची बोट असेल भडव्याची.

एका बुधवारी ती अंघोळीला गेली असताना टेबलावरचा तिचा फोन वाजला. फिन्टननं पाहिलं. 'शुक्रवारी येतेयस ना? तू नसलीस तर मी मुकाच. ग्लेनो.' आणि खाली दोन फुल्या. फुली म्हणजे पापा, हे दोन्ही देशांत सारखंच होतं.

ती केस पुसत बाहेर आली तेव्हा तो खिडकीशी पाठ करून उभा होता.

"हा तुझा माणूस ग्लेनो, कोण आहे तो?"

त्यांच्या गावच्या बोलीत यात काही वावगं नव्हतं. पण या वेळी फिन्टननं शब्द जसेच्या तसे विचारले होते.

"क्लबातला आहे. सांगितलं होतं की."

"करतो काय?"

"आता काही नाही करत. का?"

"सहज."

"ये की शुक्रवारी. भेट."

"मला काय पडलंय," फिन्टन म्हणाला आणि वाढून ठेवलेलं न जेवताच झोपायला गेला.

शुक्रवारी दुपारी दोनला दक्षिणेचा वारा असा सुटला की वॉझानं काम थांबवलं. अशा वाऱ्यात वासा हातात धरला तर माणूस वाशासकट समुद्रात जायचा. फिन्टन घरी आला, अंघोळ केली, लग्नाकार्याचा शर्ट घातला, काढला, कामावरचाच पुन्हा घातला. साडेपाचला तो क्लबच्या दारात होता.

दाराशी एक लालभडक केसांची बाई वही घेऊन बसली होती. "सभासद आहेस का राजा?"

"नाही. बायको आत आहे. नोरीन गेरटी."

बाईनं मान वर केली. तिचा सगळा चेहरा उजळला. "अगं बाई, तू नोरीनचा नवरा. एवढे दिवस आम्हाला वाटलं, तिनं तुला मनानंच रचलाय. जा जा, सही राहू दे."

आतून नोरीनचाच आवाज येत होता, पण लाउडस्पीकरमधून. फिन्टन दाराच्या चौकटीत थबकला. दीडएकशे माणसं टेबलांवर बसली होती, हातात रंगीत तिकिटं. समोर एका लांब टेबलावर मटणाच्या कापांच्या आणि सॉसेजच्या थाळ्या मांडल्या होत्या. दर शुक्रवारी त्यांची सोडत निघे. माइकपाशी हिरव्या ब्लाउजमध्ये नोरीन. शेजारी खुर्चीवर पंचाहत्तरीचा एक वाळका म्हातारा, गळ्याला रुमाल बांधलेला. तो डब्यातून तिकीट काढी, तिच्या हातात देई, आणि ती पुकारी. म्हाताऱ्याच्या शर्टावर मोठ्या अक्षरांत नाव शिवलेलं होतं, ग्लेनो.

फिन्टनला बाजूच्या टेबलावरून कळलं ते एवढं. एकोणीस वर्षं ही सोडत ग्लेनो पुकारत होता. गेल्या हिवाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता पोरगी पुकारते, ती आयरिश, भारी आहे.

छातीवरचा दगड उतरायला हवा होता. तो उतरलाच नाही.

"हिरवं, ऐंशीवर चार," नोरीन म्हणाली. "कुणी नाही? शोधा, शोधा, घाई नाही. तोवर सांगते. आमच्या गावी एकदा गाय चर्चमध्ये शिरली. पापं ऐकायला फादर बसतात ना, त्या खोक्यात तोंड घालून उभी राहिली. पलीकडून म्हातारा मॅलेकी आला, पडद्याआडून चाळीस वर्षांची पापं सांगितली आणि बाहेर येऊन म्हणाला, नवे फादर बरे आहेत. मधे बोलत नाहीत."

हॉल हसून फुटला. म्हातारा ग्लेनो आवाज न करता खांदे हलवत होता. हिरव्या चौऱ्याऐंशीची बाई डोळे पुसतच थाळी न्यायला आली.

फिन्टनची कानशिलं तापली. त्याची गोष्ट. बारा मिनिटांची. गोष्टीचे हातपाय तोडून नोरीननं मुंडकं तेवढं ठेवलं होतं, आणि ही माणसं त्यावर हसत होती. ग्लेनो तरणाबांड असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. त्याला एक ठोसा मारता आला असता. दीडशे माणसांच्या हसण्याला कुठे ठोसा मारायचा?

"ती गोष्ट अशी नाही," तो मोठ्यानं म्हणाला.

माना वळल्या.

"गुरुवार होता तो. गाय तांबडी होती. आणि आधी मामाचं सांगावं लागतं, नाहीतर काही अर्थ नाही त्याला."

कुणीतरी खोकलं. नोरीननं त्याला पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा जुना झाला, कोट धरून उभ्या असलेल्या बाईचा. मग तिनं माइक जवळ घेतला.

"मंडळी, हा माझा नवरा. याची गाय अजून वाटेत आहे."

मघापेक्षा दुप्पट हसले लोक. दोघंतिघं त्याच्याकडे पाहून ग्लास उंचावत होते, ये म्हणत होते. ते त्याला दिसलं नाही. तो बाहेर पडला आणि घरापर्यंत वाऱ्याच्या तोंडी चालत गेला.

ती सातला घरी आली. तो स्वयंपाकघरात दिवा न लावता बसला होता. तिनं दिवा लावला.

"माझी गोष्ट चोरलीस," तो म्हणाला.

"तुझी?"

"बावीस वर्षं सांगतोय मी."

"बावीस वर्षं सांगतोयस, हे खरं." नोरीननं खुर्ची ओढली. "गाय कुणाची होती, फिन्टन?"

"मामाची."

"तुझ्या मामाकडे कधी गाय होती? शेळ्या पाळायचा तो. गाय माझ्या वडिलांची, माझ्या माहेरी. मी अकरा वर्षांची होते. दोर माझ्या हातात होता, आणि मी मेणबत्त्या बघत बसले नि दोर सुटला. तुला ही गोष्ट मी सांगितली, आपण दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा, कालव्याच्या पुलावर. पुढच्या आठवड्यात एका लग्नात तू ती मामाची म्हणून सांगितलीस. मी शेजारीच होते."

फिन्टन आठवू लागला. पूल आठवला. तिचा निळा कोट आठवला. ती काय बोलत होती ते काही केल्या आठवेना. त्या संध्याकाळी आपण काय काय बोललो, ते मात्र सगळं आठवत होतं.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू मधे श्वास कुठे घेतलास?"

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर त्याला भांडता आलं असतं. ती थकली होती. तिनं चहा टाकला, दोन कप. थोड्या वेळानं म्हणाली, "तिथे तू बोलायचास, मला वाईट नाही वाटलं कधी. छान बोलायचास. पण इथे मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून मला विचारलं. काय म्हणशील, नोरीन? मागे वळून बघितलं मी, कुणाला विचारतात ते."

त्यानं कप पुढे ओढला. चहा प्यायला. पण मत्सर चहानं जात नाही. त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस तो तिचं हसणं मोजत राहिला. किती त्याच्यामुळे, किती दुसऱ्या कुणामुळे. हिशेब त्याच्या बाजूनं कधीच लागला नाही.

सोमवारी वॉझानं शिडीखालून हाक मारली. "काय रे, त्या गाईवालीचा नवरा तूच ना? माझी सासू होती तिथे. पोचली का गाय?" पोरं हसली, आणि त्या दिवसापासून त्याला सगळे 'गाय' म्हणू लागले. वॉझाच्या मते हा मान होता. चौदा महिने त्याला नुसतं फिनो म्हणत होते, आता कुठे खरं टोपणनाव मिळालं. फिन्टनला मात्र तेही तिच्याकडून उसनं आल्यासारखं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या शुक्रवारी नोरीन निघताना म्हणाली, "थाळ्या उचलायला माणूस कमी आहे," आणि उत्तराची वाट न बघता गाडीत जाऊन बसली. इंजिन मात्र चालू केलं नाही. तो पाच मिनिटांनी आला.

ग्लेनोनं शेजारची खुर्ची पायानं पुढे ढकलली. वहीत लिहून दाखवलं, 'तिचा हेवा मलाही वाटतो. दर शुक्रवारी.' फिन्टननं ते दोनदा वाचलं. म्हातारा माइककडे बघत होता, एकोणीस वर्षं त्याच्या हातात असलेल्या माइककडे. मग त्यानं पुन्हा डब्यात हात घातला आणि तिकीट तिला दिलं. फिन्टन थाळ्या वाहू लागला. वाटेत लोक म्हणत होते, "हा नोरीनचा नवरा," आणि तो प्रत्येकाला मान हलवत होता. प्रत्येक वेळी आत कुठेतरी टोचत होतंच.

शेवटची थाळी एका म्हातारीला दिली. तिनं विचारलं, "इथला वारा मानवला का रे तुला?"

फिन्टननं तोंड उघडलं. गावचा वारा, आजोबांचं छप्पर, सत्तर सालचं वादळ, सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. त्यानं ते गिळलं.

"मला नाही," तो म्हणाला. "मी त्याला मानवलोय."

म्हातारी हसली, तिचं टेबल हसलं, मागच्या टेबलानं काय काय म्हणून विचारलं आणि तेही हसलं. माइकपाशी नोरीन तिकिटं गोळा करत होती. तिनं मान वर केली. "काय म्हणालास रे?" तिनं तिथूनच विचारलं.

"काही नाही," फिन्टन म्हणाला.

घरी परतताना गाडीत तिनं पुन्हा विचारलं, आणि रविवारी न्याहारीला एकदा. त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या शुक्रवारी ते त्याला माइकवरून ऐकावं लागलं असतं.