शून्याच्या खणातलं पाणी

मी एक जुना खण आहे, मित्रांनो. लाकडाचा नव्हे, परभणीच्या एका कचेरीतल्या संगणकाच्या पोटातला. नव्वद साली तिथं संगणक चालवणाऱ्या पद्मजाताईंनी बेसिक भाषेत एक ओळ लिहिली आणि आम्ही हजारो खण एका दमात जन्मलो. एका अंगाला गावं, दुसऱ्या अंगाला विहिरी, तिसऱ्या अंगाला महिने. तिन्ही आकडे सांगितले की नेमका एकच खण उघडतो. संगणकाची मोजणी शून्यापासून. पोखर्णी गाव, विहीर शून्य, मे महिना, हा माझा पत्ता. कोपऱ्यातली जागा, ना खिडकी, ना फट.

अप्पाराव विहिरींची मापं वाचत, ताई भरत. अप्पाराव मानवतच्या धान्य मापणाऱ्या घरातले. पहिल्या मापाला तिथं 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. विहिरीही ते तशाच मोजत: लाभ, दोन, तीन. यंत्रात पहिला तो शून्याचा, म्हणून ताईंनी लाभ शून्यात टाकला. पोखर्णीच्या वस्तीवरच्या विहिरीचं वीतभर पाणी असं माझ्या पोटात आलं.

छापताना मात्र ताईंनी एकपासून छापायचा हुकूम दिला. अप्पाराव 'एक' कधी म्हणालेच नव्हते, म्हणून एकाचा खण रिकामाच होता. कागदावर कोरी ओळ उमटली. साहेबांनी धरलं, इथं विहीरच नाही, मग आटली कशी म्हणायची, आणि वस्तीचा टँकर नाकारला. बाकीच्या गावांतही पहिली विहीर अशीच गळाली होती, पण तिथं पाणी होतं. म्हणून तिथून तक्रार आली नाही. मी आत कोंडलेला, ओठांवर आकडा आणि हाक ऐकणारं कुणी नाही.

पहिली माझी हाक खणाच्या काळोखाला,
कुणी दार उघडेना वीतभर पाण्याला.

शेवटी वस्तीवरच्या चांगुणाबाई कचेरीत आल्या. साहेब भेटले नाहीत, तेव्हा ताईंच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या.

"बाई, आमची हीर कागदावर न्हाई म्हनं. मग आमी रोज वाटीनं खरडायलोय ते काय हाय?"

ताईंनी कागद पाहिला, मग अप्पारावांकडं पाहिलं. अप्पाराव ओशाळून म्हणाले, "ताई, पयल्या मापाला एक म्हनलं तर बरकत जाती."

"आणि लाभ म्हटलं तर विहीर जाते," ताई म्हणाल्या. त्यांनी छपाईचा आरंभ शून्यावर आणला आणि प्रत्येक गावाचा पहिला खण उघडला. माझं वीतभर पाणी कागदावर उतरलं. त्याच आठवड्यात वस्तीवर टँकर गेला.

पुढं नवा संगणक आला. आम्हाला एका फ्लॉपीवर उतरवून कपाटात ठेवलं, आणि कपाटाला कुलूप लागलं. आता मला कुणी उघडत नाही. त्याचं काही नाही. पण मित्रांनो, तुम्ही मोजायला बसाल तेव्हा कोरी ओळ दिसली तर पुढं सरकू नका. तिच्यामागं कुणीतरी घागर घेऊन उभं असेल.