उशिरा येणाऱ्यांचा भात

खानावळीच्या काकूंच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. ताटात काही टाकलं तर त्या भल्याभल्यांना सुनवायच्या. पण कामात अडकून उशिरा येणाऱ्यासाठी भाताचं पातेलं झाकून ठेवायच्या, आणि तो आला की गरम करून वाढायच्या. कुणी उपाशी परत गेलं तर त्यांना स्वतःला घास उतरत नसे.

आणि नेमकी तीच माणसं आजारी पडली. उशिरा जेवलेली. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांना तर दवाखान्यात ठेवावं लागलं. काकूंच्या पायाखालची जमीनच सरकली.

अन्न तपासणीच्या बाई आल्या, त्यांनी नमुने घेतले, चूल बंद ठेवायला सांगितली. अहवाल आला तेव्हा त्या पुन्हा आल्या आणि काकूंच्या सुनेने पुढे केलेल्या खुर्चीवर बसल्या.

"दोष भातात निघालाय. नोटीस देऊन मी जाऊ शकते, काकू. पण मग हे कशामुळे झालं ते कुणालाच कळणार नाही, आणि पुढच्या गल्लीत हेच होईल. तुमच्या जेवणाऱ्यांना बोलवा. आजारी पडले त्यांनासुद्धा."

"म्हणजे चारचौघांत माझी शोभा."

"शोभा नाही. जेवण कसं शिजतं ते तुम्हाला ठाऊक. ते केव्हा आणि कसं खाल्लं जातं, ते त्यांना ठाऊक."

रविवारी माणसं आली. नेहमीच्याच बाकांवर बसली, पण समोर ताटं नसल्यामुळे हातांचं काय करावं हे कुणाला कळेना. तेवढ्यात शिंपीकाका आले. गालफडं बसलेली, अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा इतका ढगळ. काकूंनी मान वर केली नाही.

"काकू, पाणी द्या बघू आधी," ते म्हणाले. काकूंनी पेला भरून दिला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्यांसमोर पूर्ण रिकामा केला. खोलीतली माणसं मग बोलू लागली. कोण किती वाजता येतो, कोण डबा भरून नेतो आणि गाडीत तापत ठेवतो, सगळं निघालं.

"पण मी वाफ निघेपर्यंत गरम करत होते," काकू हळूच म्हणाल्या.

"खोल पातेल्यात भात तासन्‌तास कोमट राहतो," बाईंनी सांगितलं. "तेवढ्यात जंतू वाढतात आणि विष सोडतात. जंतू मेले तरी ते विष गरम करून जात नाही."

"माझी आई असंच करायची."

"माझीपण," शिंपीकाका म्हणाले. "कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कुठून?"

मग उपाय काय, यावर बराच काथ्याकूट झाला. उरलेला भात पसरट ताटांत लगेच गार करून फ्रीजमध्ये ठेवावा, असं बाई म्हणाल्या. सून म्हणाली, "फ्रीज एवढासा, त्यात भाज्याच मावत नाहीत." तेव्हा एक टॅक्सीवाला म्हणाला, "आम्ही निघताना फोन करू. आमच्यापुरता भात तेव्हाच टाका. थांबू की थोडं." हे बाईंनाही सुचलं नव्हतं, आणि तसं त्या मोकळेपणाने बोलल्या. दर आठवड्याला जेवणाऱ्यांपैकी कुणीतरी स्वयंपाकघर पाहावं, असंही ठरलं. त्यावर मात्र काकू उसळल्या.

"माझ्या ओट्यापाशी परका माणूस?"

"परका कोण?" शिंपीकाकांनी विचारलं. "बायको गेल्यापासून मी दुसरीकडे जेवलो नाही."

काकू उठून ओट्यापाशी गेल्या. पदराने ओटा पुसू लागल्या, तो पुसलेलाच होता.

बाईंनी पुन्हा पाहणी केली आणि चूल पेटली. स्वयंपाकघर पाहायच्या पहिल्या पाळीला शिंपीकाकाच आले. चपला बाहेर काढल्या, हात धुतले, चष्मा चढवून फ्रीजमधला तापमापक वाचला आणि "ठीक आहे" म्हणून अवघडून उभे राहिले.

"पाहुण्यासारखे काय उभे?" काकू म्हणाल्या. "पाहणी नीट करा. त्या कोपऱ्यातपण बघा."

काकांनी वाकून कोपरा पाहिला. काकूंनी चुलीवर छोटं पातेलं ठेवलं, एका माणसापुरतं.

"अजून वेळ आहे भाताला," त्या म्हणाल्या. "बसा इथेच."

आणि आतलं स्टूल त्यांनी स्वतः पुढे सरकवलं.