ओटीतलं कापड

एकोणीसच्या महापुरात पंचगंगेचं पाणी वर्षाराणीच्या दुकानात जिथवर चढलं होतं, तिथं तिच्या नवऱ्यानं, हंबीररावानं, नंतर भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली होती. शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीत जवळजवळ घराघरात अशी रेघ होती. कुणी तारीख घातलेली, कुणी नुसतीच ओढलेली. पावणं आलं की चहाच्या आधी रेघ दाखवायची, एवढं तिचं कौतुक. माणसाचं कसं असतं बघा, एकदा रेघ मारली की त्याला वाटतं, नदीनंही त्यावर सही केली.

वर्षाराणीचं दुकान म्हणजे एका शटरचं लेडीज टेलरिंग. दोन मशीन, कापायचं एक टेबल, आणि रेघेच्या वर वीतभर अंतर सोडून ठोकलेली लांब फळी. त्या फळीवर गिऱ्हाइकांची गाठोडी. एकवीस सालच्या जुलैत पाणी वाढायला लागलं, तेव्हा नवरा-बायकोनं गुडघाभर पाण्यातून दोन्ही मशीन काढल्या. हंबीररावानं एकेक मशीन खांद्यावर घालून दोन खेपा केल्या. तिसरी खेप करायला तो वळला, तर वर्षाराणीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या आता. कापड रेघेच्या वर हाय.”

यंदा पाणी रेघेच्या वर वीतभर चढलं आणि वर आणखी चार बोटं. आठव्या दिवशी शटर उघडलं तेव्हा फळी जागेवर होती, गाठोडीही जागेवर होती, पण त्यांच्यातून चिखल गळत होता. बत्तीस घरांचं कापड. कुणाचा साधा सुती पीस, कुणाची फॉल-पिकोला दिलेली साडी. मापाची वही तर उचलताना हातात लगदा होऊन आली. वर्षाराणी तिथंच उंबऱ्यावर बसली. रडू येण्याआधी तिच्या मनात आलं ते असं, की आपल्या मशीन तेवढ्या वाचवल्या आणि लोकांचं बुडवलं, असंच सगळी म्हणणार. आणि म्हटलं तर त्यात खोटं काय?

आधीच दोन वर्षं कशी गेली होती ते तिचं तिला माहीत. पंचवीस माणसांत लग्न उरकायचं असलं, तर भरतकामाचं ब्लाऊज शिवून दाखवायचं कुणाला? दोन उन्हाळे, म्हणजे शिंपणीचे दोन सुगीचे हंगाम, लॉकडाऊननं गिळले. हंबीरराव ज्या फाउंड्रीत होता तिथं पाळ्या निम्म्यावर आल्या होत्या. यंदा जूनपासून कुठं बायका पुन्हा कापड घेऊन दुकानाची पायरी चढायला लागल्या होत्या, तेवढ्यात नदी चढली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

गारगोटीत शिवणक्लास चालवणारी एक बाई दोन्ही मशीन घ्यायला तयार होती. वर्षाराणीनं ठरवलं, मशीन विकायच्या, ज्याचं त्याचं कापड भरून द्यायचं आणि शटर मालकाच्या ताब्यात देऊन मोकळं व्हायचं. हंबीरराव म्हणाला, पुन्हा उभं राहायचं कशावर, मग? ती म्हणाली, उभं राहायचं नंतर बघू, आधी तोंड दाखवायला जागा राहू दे. आणि ती दारोदार सांगत निघाली.

सगळ्यात आधी ती रत्नव्वाच्या दारात गेली, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिचं होतं. रत्नव्वा म्हणजे गल्लीच्या तोंडावरच्या धान्याच्या दुकानाची मालकीण. खाली दुकान, वर माडी. लेक रक्षिता, तिचं लग्न लॉकडाऊनमुळं दोनदा पुढं ढकललेलं. रत्नव्वाच्या आईनं, म्हणजे तिच्या अव्वानं, नातीच्या लग्नासाठी इरकल साडी घेऊन ठेवली होती आणि लग्न बघायच्या आधीच ती गेली होती. ती साडी फळीवर होती. पाणी ओसरलं त्या दिवशीच रत्नव्वा दुकानापाशी आली होती. चिखलाचा तो गोळा बघून काही न बोलता परत गेली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वर्षाराणीला वाटलं होतं.

आज दारात रत्नव्वाचा लेक रुद्रेश आला. आई पूजेत आहे म्हणाला. वर्षाराणी अर्धा तास ओट्यावर उभी राहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पूजेचा नाही. ती मुकाट्यानं पुढच्या दाराला गेली.

पुढचं दार आक्काचं. आक्का सत्तरीच्या पुढची, सहा म्हशींची धनीण, आणि बोलायला लागली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाचं कुत्रं उठून बसावं असा आवाज. वर्षाराणीनं सगळं सांगितलं. रेघेचं सांगितलं, मशीन आधी नेल्याचंही सांगितलं, गारगोटीच्या बाईचंही सांगितलं. आक्कानं शेणाचे हात धुतले, पदराला पुसले आणि तिच्याकडं बघितलं.

“मशीन इकून कापड भरून देणार, व्हय? मग पुढच्या साली आमच्या बाह्या कोण काढणार, नदी?” आक्का म्हणाली. “गेलं ते गेलं. पंचगंगेची ओटी भरली म्हणायचं. तिला काय रेघ वाचाय येती?”

मग ती आत गेली आणि पुरात म्हशींबरोबर हलवलेली ट्रंक ओढत बाहेर घेऊन आली.

आता कोल्हापुरातल्या कुठल्याही घरातली ट्रंक उघडा, तळाला ओटीतली ब्लाऊजपीस निघणारच. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांत. कुठंही जा, येताना ओटीत एक कापड येतंच. ते शिवायचं नाही असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, पण शिवत कुणी नाही. जपून ठेवायचं आणि पुढच्या बाईच्या ओटीत घालायचं. ती तिसरीच्या घालते, तिसरी चौथीच्या. पोपटी, राणी, जर्द पिवळी, अंगाला टोचणारी, कुठल्याच साडीवर न जाणारी ती कापडं गल्लीभर वर्षानुवर्षं फिरत असतात. आक्काच्या ट्रंकेत अशी एकवीस निघाली. एक तर तिनं स्वतःच सहा वर्षांमागं कुणाच्या तरी ओटीत घातलेलं होतं, कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरनं ओळखलं तिनं.

“हे घे. यातलं एखादं बिघडलं, बुडालं, उंदरानं खाल्लं, तर कोण इचारणार न्हाय. गौरीच्या आत समद्या गल्लीला यातलंच शिवायचं. आन शिलाई घ्यायची. फुकट शिवलंस तर म्हशीचं दावं काढीन.”

वर्षाराणी म्हणाली, अहो आक्का, ज्यांचं मी बुडवलं त्यांच्याकडून वर शिलाई कशी घेऊ? त्यावर आक्कानं जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मतलब एवढाच, की बुडवलं तिनं नाही, आणि दुकान चालायचं असलं तर कुणीतरी आधी कापड हातात द्यायला लागतं.

आक्कानं दुधाच्या रतिबाबरोबर निरोप घरोघर पोचवला. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्या बायका चिखल काढता काढता आल्या, ज्यांच्यात शिरलं नव्हतं त्याही आल्या. प्रत्येकीच्या हातात ओटीची दोन-चार कापडं. एक म्हणाली, माझं मेलं ट्रंकेतलं ओझं तरी कमी होईल. दुसरी म्हणाली, हा राणी रंग मला माझ्या नणंदेनं दिलाय, तिच्या डोळ्यांदेखत घालीन. ज्यांचं कापड बुडालं होतं, त्यांच्यापैकी एकीनंही त्याचा विषय काढला नाही. वर्षाराणीनं दोनदा काढायला बघितलं, दोन्ही वेळा आक्कानं डोळे वटारले. गारगोटीच्या बाईला हंबीररावानं फोन करून सांगितलं, मशीन आता विकायच्या नाहीत, माफ करा.

मापाची वही गेल्यामुळं सगळ्यांची मापं नव्यानं घ्यावी लागली, आणि तिथं वेगळीच गंमत झाली. दोन वर्षं घरात बसून सगळ्याच बायका दोन-दोन इंच वाढलेल्या. जुनं माप आहे तेच राहू दे, असं प्रत्येकीनं सांगून बघितलं. वर्षाराणीनं टेप ताणून धरला आणि कित्येक महिन्यांनी ती खदखदून हसली. हसता हसताच तिच्या ध्यानात आलं, की आपण हसतोय.

शेजारच्या गाळ्यात मोनाचं पार्लर होतं. तिच्या खुर्च्या, आरसे, सगळं चिखलात गेलेलं. वर्षाराणीनं आपल्या दुकानातला खिडकीजवळचा कोपरा तिला दिला आणि एक स्टूल दिलं. माप द्यायला आलेली बाई माप देऊन झालं की त्या स्टुलावर बसायची आणि भुवया कोरून घ्यायची. मोना बिचारी रोज जाताना दोन्ही मशीनना नमस्कार करून जायची.

एवढं सगळं झालं, पण रत्नव्वा आली नाही. गल्लीत समोरासमोर आली की मान खाली घालून जायची. रात्रंदिवस मशीन चालत होती, बायका येत होत्या, आणि वर्षाराणीला मनात एकच टोचत राहिलं. ही ओटीची कापडं काय, गेली तरी चालतील म्हणून दिलेली. खरं कापड, लग्नाचं, जिवाचं, ते कुणी परत आपल्या हातात देईल का? ते दिलं नाही तर दुकान गौरीपुरतंच. मनातून तर तिला असंही वाटायचं, की ही पोपटी-राणी ब्लाऊजं अंगावर कोण घालणार, शिवून नेतील आणि पुन्हा ट्रंकेत टाकतील. आपली दया आली म्हणून शिवून घेतली, एवढंच. तरी तिनं एकेक ब्लाऊज नवरीचं असावं तसं शिवलं, हातशिलाईला कुठं कमी केलं नाही.

सप्टेंबरात गौरी आल्या. गल्लीतल्या बायका गौर आणायला घाटावर निघाल्या तेव्हा वर्षाराणी तांब्या घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली. सगळ्या गल्लीनं तीच ब्लाऊजं घातली होती. काठापदराच्या साड्या आणि त्यावर पोपटी, जांभळी, जर्द पिवळी. एकीचाही रंग साडीला जुळत नव्हता. आक्का तर नऊवारीवर झगझगीत राणी रंग घालून सगळ्यांच्या पुढं. मास्क हनुवटीवर ओढून ती वाटेत भेटेल त्याला सांगत होती, आमच्या वर्षाराणीनं शिवलंय, बगलेत बघा कुठं चुणी पडली का. दुसऱ्या गल्लीतल्या बायका थांबून बघत होत्या. वर्षाराणीला लाजही वाटली आणि ऊर भरूनही आला. या बायकांचं आपण काय देणं लागतो, याचा हिशेब तिला जन्मात लागला नसता.

त्या गल्लीची जुनी रीत अशी, की नदीवर गौर पुजली, तांब्या भरला, गौरीचे डहाळे हातात घेतले, की तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घरचा उंबरा येईपर्यंत बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. वर्षाराणीनं चूळ धरली, डहाळे छातीशी घेतले आणि घाटाच्या पायऱ्या चढायला लागली. चार पायऱ्या झाल्या असतील, शेजारी कुणीतरी पावलाला पाऊल लावून चालायला लागलं. रत्नव्वा. तिची गौर रक्षितानं घेतली होती, त्यामुळं तिचं तोंड मोकळं होतं.

“मुद्दाम आत्ता आलो,” रत्नव्वा म्हणाली. “तू मधी बोललीस तर माझ्यानं बोलवायचं न्हाय. ऐक.”

वर्षाराणी चालत राहिली.

“मी तुझ्यावर लई रागावलतो. मशीन नेलीस आन आमच्या अव्वाची साडी ठेवलीस, हे मनातनं जाईना.” ओल्या पायरीवर रत्नव्वानं तिचं कोपर धरलं. “आमच्या रुद्रेशनं तांदळाची पोती त्याच रेघेवर रचल्याली. फळ्या टाकून, वीतभर वर. तुझ्यागतच. चाळीस पोती कुजली. त्याला मी काय बोललो? काय न्हाय. जेवलास का म्हणून इचारलं. लेकाला एक आन तुला एक, हे अव्वाला पटलं नसतं.”

वर्षाराणीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तोंड गच्च मिटलेलं, हातात गौर, पुसायलाही हात मोकळा नाही. रत्नव्वानं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले, लहान पोरीचे पुसावेत तसे, आणि चालता चालता पुढचं सांगितलं. रक्षितासाठी नवी साडी आणली होती, ब्लाऊजं पाच शिवायची होती, लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं होतं. आणि पाऊस लागला की वर्षाराणीच्या दुकानातलं सगळं कापड, गल्लीतल्या ज्या कुणाचं असेल त्याचं, माडीवर आणून ठेवायचं. माडीचं दार उघडं राहील, रुद्रेश स्वतः गाठोडी वाहून नेईल.

घाटापासून घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. त्या दिवशी ती वर्षाराणीला संपता संपेना. दारात हंबीररावानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. बायकोचं तोंड बघून तो घाबरला, काय झालं म्हणून विचारायला लागला. तिनं बाजूला वळून चूळ टाकली. खरं तर पहिला शब्द गौरीचा बोलायचा असतो. पण ती रत्नव्वाकडं वळली.

“काकू, मी लई भ्यालतो,” ती म्हणाली. “तुम्ही परत कापड देणार न्हाय म्हणून. बाकी कशाला एवढा भ्यालो न्हाय.”

मग तिनं उंबऱ्यावर गहू भरून ठेवलेलं माप पायानं लवंडलं, गौर आत घेतली, आणि आतूनच मोठ्यानं सांगितलं, “गौर बोळवली की दुसऱ्या दिवशी सकाळीच रक्षिताला पाठवा. पहिलं माप तिचं.”