ओठ हलव

आपल्या तोंडात कुणी दुसरीच बाई शब्द घालणार आहे, हे राणीसाहेबांना वर्तमानपत्र वाचून कळलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुका चित्रपट बोलणार!" असं ठसठशीत अक्षरांत छापलं होतं. स्टुडिओला खूप वर्षं झाली म्हणून राणीसाहेबांचा जुना गाजलेला मूकपट पुन्हा लागणार होता, आणि या वेळी आवाजासकट. राणीच्या भूमिकेला आजच्या एका लोकप्रिय मुलीचा गोड आवाज देणार होते.

"गोड म्हणे!" त्या भाचीवर खेकसल्या. "मरणारी बाई गोड बोलते का गं कधी?"

भाची भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "अगं मावशी, तुझं नाव केवढं मोठं छापलंय बघ की."

"नाव छापू देत हवं तेवढं. तोंड माझं आहे ना?"

राणीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ना राज्य, ना राजा. फिरत्या नाटक कंपनीत राणीच्या भूमिका करता करता ते नाव चिकटलं, ते चिकटलंच. बाईनं रंगभूमीवर पाऊल टाकणं म्हणजे घराण्याच्या नावाला काळं फासणं, असं लोक म्हणायचे तेव्हाची गोष्ट. तेच लोक पुढच्या खुर्च्या धरून बसायचे, ही गोष्ट वेगळी. त्यांचा आवाज असा होता, की सर्वात स्वस्त तिकिटावर मागे डुलक्या काढणारा माणूसही दचकून सरळ बसायचा. मग पडद्यावरची हलती चित्रं आली. स्टुडिओचे मोठे मालक स्वतःच चित्रपट काढायचे, दिग्दर्शनही स्वतःच करायचे. ते म्हणाले, "बाई, आवाज घरी ठेवा आणि नुसतं तोंड घेऊन या." त्या गेल्या. गावोगावी त्यांच्या तोंडाची चित्रं लागली. पुढे पडदा बोलायला लागला, तेव्हा हेच मोठे मालक म्हणाले, "बाई, तुमचा आवाज फार मोठा, यंत्राला झेपत नाही." झालं. रस काढून घेतल्यावर चोथ्याचं जे करतात, ते केलं.

ते सगळं त्यांनी गिळलं होतं. एकच गोष्ट घशाखाली उतरली नव्हती, आणि नेमकी तीच जगात सर्वात जास्त गाजली होती. त्या मूकपटात राणी मरते तो प्रसंग. ती उशांवरून अर्धी उठते, समोर बघते, तिचे डोळे वाहत असतात आणि ओठ थरथरत असतात. खाली अक्षरं येतात, "नाथ, मला क्षमा करा. आता निरोप द्या." तो प्रसंग बघून दगडालाही पाझर फुटायचा म्हणे. प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न. मोठ्या मालकांनी तुम्हाला एवढं रडवलं तरी कसं? राणीसाहेबांनी इतकी वर्षं मिठाची गुळणी धरली होती. भाची घरात होती म्हणून.

आज मात्र त्यांनी वर्तमानपत्र आपटलं. "ऊठ, चपला घाल. स्टुडिओत जायचंय."

आवाज भरायची खोली आतून गादीसारखी मढवलेली होती. दार चांगलं वीतभर जाड, त्यावर तांबडा दिवा. तो दिवा पेटला की आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. मोठे मालक जाऊन वर्षं झाली होती. आता त्यांचा मुलगा कारभार बघायचा. त्याच्या डोक्यावर केस उरला नव्हता, तरी सगळे त्याला बाळमालकच म्हणायचे.

"या, या राणीसाहेब! तुमचंच चाललंय," बाळमालकानं खुर्ची पुढे केली.

पडद्यावर मरणाच्या प्रसंगाचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता. माइकसमोरची मुलगी घामाघूम झाली होती. ती "आता निरोप द्या" म्हणून गप्प व्हायची आणि पडद्यावरची राणी बोलतच राहायची.

"ओठ संपतच नाहीत हो," मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आणि जुळतही नाहीत," काचेपलीकडून आवाज भरणारे काका म्हणाले. "क्षमाच्या जागी तोंड मिटायला हवं. इथे सताड उघडं आहे."

बाळमालक हसला. "अहो, मूकपटात काय, नट वाटेल ते बडबडायचे. कुणी आकडे म्हणायचं, कुणी भाजीचा भाव. ओठ हलले की काम झालं. खरी कमाल बाबांची! बाबा म्हणायचे, नटीला रडवायला कांदा लागत नाही, डोकं लागतं."

राणीसाहेबांच्या हातातली पिशवी खाली पडली. भाचीनं ती उचलली.

"मी भाजीचा भाव बोलत नव्हते," त्या म्हणाल्या.

काका काचेमागून पुढे वाकले. "म्हणजे, काय बोललात ते आठवतंय तुम्हाला?"

"शब्द न् शब्द."

बाळमालकाला तर आभाळ ठेंगणं झालं. "वा! मग खुद्द राणीसाहेबांचाच आवाज! जाहिरातीत काय शोभेल! काका, भरा." त्यानं स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं. तांबडा दिवा पेटला.

राणीसाहेब माइकपासून दोन पावलं मागे सरकल्या. त्यांच्या आवाजाला जवळ उभं राहायची गरज नव्हती. पडद्यावरची तरुण राणी उशांवरून उठली, आणि खोलीतली म्हातारी बोलायला लागली.

"माझी बहीण मरतेय. बाळंतपणात अडलीय, मला हाका मारतेय. एवढा निरोप आला आणि तू मला आत्ता सांगतोस? कॅमेरा लावून झाल्यावर? मी रडावं म्हणून? माणूस आहेस की कोण? ऊन जाईल म्हणतोस. जाऊ दे तुझं ऊन! ते उद्या येईल. ती येणार नाही. दार उघड. अरे, दार उघड!"

एकही ओठ चुकला नाही. जिथे तोंड सताड उघडं होतं, तिथे "हाका" होतं. राणी समोर बघत होती, ते नाथाकडे नव्हतंच. ती कॅमेऱ्याशेजारी भोंगा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होती.

तुकडा फिरून पुन्हा सुरू झाला. राणीसाहेबही पुन्हा बोलल्या, आता जास्त मोठ्यानं. बाळमालक दाराकडे धावला. काकांनी काचेवर टकटक करून दिव्याकडे बोट दाखवलं.

"थांबवा हे! उघडा!" तो ओरडला.

"थांब की," राणीसाहेब त्याच्याकडे वळल्या. "चालू असताना दार उघडायचं नाही, हा तुझ्या बापाचाच नियम. तेव्हा उन्हात शूटिंग व्हायचं, वर काचेचं छप्पर. ऊन होतं तोवर तो पुन्हा पुन्हा घेत राहिला. मी गळा फाडून ओरडत होते आणि हा भोंग्यातून सांगत होता, छान! असंच! ओठ हलव! सगळ्यांनी ऐकलं, कॅमेरावाल्यानं ऐकलं. एकाचाही हात थांबला नाही. बाहेर पळाले तेव्हा फाटकावरचा माणूस म्हणाला, बाई, मी निरोप सकाळीच आत दिला होता. हे तुझ्या बापाचं डोकं!"

दिवा विझला. बाळमालकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण धंदेवाला माणूस तो, लगेच सावरला. "राणीसाहेब, झालं ते वाईटच झालं. पण हे काही आम्हाला वापरता येणार नाही."

"नको वापरू. मुकं ठेव. पण तिथे दुसरा एक शब्द जरी घातलास, तर पहिल्या खेळाला येऊन उभी राहीन आणि सगळं बोलीन. मला माइक लागत नाही."

"आणि मुकं ठेवलं तर?"

"तर बोलणार नाही. शब्द देते."

भाची कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी पोटाशी धरून बसली होती. त्या दिवशी ज्या बाळंतपणात बहीण गेली, त्यात जन्मलेली मुलगी ती हीच.

दोघी घरी परतायला निघाल्या. वाटेत भाची म्हणाली, "गाडी मिळाली नाही म्हणून उशीर झाला, असं सांगायचीस."

"गाडी फाटकातच उभी होती."

"तू आईसाठी भांडलीस, मावशी."

"कसली डोंबलाची भांडले!" राणीसाहेब भर रस्त्यात थांबल्या. माणसं वळून बघायला लागली. "भांडले असते तर दार फोडून गेले असते. तो ओठ हलव म्हणाला, मी हलवले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या."

पहिल्या खेळाला त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. शेजारी भाची, पलीकडे पाहुण्यांच्या घोळक्यात बाळमालक. चित्रपट बोलत होता, लोक खूश होते. मरणाचा प्रसंग आला आणि आवाज बंद झाला. बाळमालकानं शब्द पाळला होता. राणी उशांवरून उठली, तिचे ओठ हलायला लागले.

"आवाज!" मागून कुणीतरी ओरडलं. "अरे, आवाज!" शिट्ट्या सुरू झाल्या. राणीसाहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि दातावर दात रोवले. त्यांनी शब्द दिला होता.

भाचीनं दिला नव्हता. भाजीवाल्याशीही कधी आवाज न चढवलेली ती बाई उठून उभी राहिली आणि लोकांकडे तोंड करून बोलायला लागली. लहानपणापासून हा प्रसंग तिनं इतक्यांदा पाहिला होता, की पडद्याकडे पाठ असूनही तिचा एक ओठ चुकत नव्हता.

"माझी आई मरतेय," ती म्हणाली. बहीण म्हणाली नाही. "ऊन जाईल म्हणतोस. जाऊ दे तुझं ऊन."

शिट्ट्या थांबल्या. बाळमालक अंधारात वाट चाचपडत बाहेर पडायला निघाला, पण कडेच्या वाटेवर माणसं उभी राहून ऐकत होती, आणि कुणीही त्याला जागा देईना.

"दार उघड," भाची म्हणाली, आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.