पांढराशुभ्र दोर

वहिनींनी कात्री उघडली, दोराला लावली आणि तशीच धरून ठेवली. कापावं असं दोरात काहीच सापडत नव्हतं. तसूतसू करून सगळा दोर त्यांनी चिमटीतून काढला होता. कुठे धागा सुटलेला नव्हता की पीळ सैल नव्हता. नुसता किंचित कडक लागत होता, आणि तीन वर्षं उन्हात वापरलेला असून पांढराशुभ्र होता. उंच इमारतींच्या काचा धुणारी पोरं त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत. दोर तपासायचं काम वहिनींचं, आणि शंका आली की त्या दोराचे तुकडे करूनच थांबत. पण आज शंका कसली आलीय, हेच त्यांना कळत नव्हतं.

"भावजी, हे दोर तुम्ही कशानं धुतलेत?"

दीर साबणाचा कॅन न्यायला खाली गोदामात आला होता.

"पाण्यानं."

"पाण्यानं म्हातारा दोर तरणा होत नाही."

दिराने कॅन खाली ठेवला. त्याच्या बोटांची सालं निघालेली त्यांना आत्ता दिसली.

"टाइल्स धुतो ना, ते थोडं टाकलं होतं बादलीत. तुम्हीच म्हणालात, मळक्या दोरातलं काही दिसत नाही. मागच्या आठवड्यात धुऊन आणले तर तुम्ही शाबासकी दिलीत."

शाबासकी दिली होती, हे खरंच होतं. सगळे दोर पासही केले होते.

टाइल्सचं पाणी म्हणजे ॲसिड. त्याने दोराचं काय होतं, हे वहिनींना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी कॉलेजात रसायन शिकणाऱ्या मुलीला फोन लावला.

"दोर नायलॉनचा आहे ना? मग वाईट," मुलगी म्हणाली. "त्याची साखळी अमाइड बंधांनी जोडलेली असते. रेशमात तोच बंध, लोकरीत तोच, आपल्या कातडीतसुद्धा तोच."

"किड्याच्या रेशमात आणि कारखान्यातल्या दोरात एकच?"

"एकच. बुलेटप्रूफ जाकिटातसुद्धा."

"म्हणजे मजबूत झाला की!"

"मजबूतच आहे गं. पण ॲसिड आणि पाणी मिळून एकेक कडी सोडवत जातात. वरून काही दिसत नाही."

"मग किती सुटल्यात ते कळायचं कसं?"

"ओढून बघितल्याशिवाय मी तरी कसं सांगू, आई?"

वहिनींचं डोकं चक्रावलं. एवढ्या वर्षांत बोटांनी कधी दगा दिला नव्हता. आता बोटं म्हणत होती दोर चांगला, पोरगी म्हणत होती वाईट, आणि नवरा समोरच्या इमारतीवर, आठव्या मजल्याबाहेर, त्याच बादलीत धुतलेल्या दोन दोरांवर लटकत होता. त्यांनी त्याला फोन केला. तो नुसताच वाजत राहिला. कामावर असताना त्याचे दोन्ही हात गुंतलेले असत.

समोरच्या इमारतीत धावत जाऊन त्या लिफ्टमध्ये शिरल्या. काय सांगायचं त्याला? खाली उतरा म्हणावं तर दोराला झटके, थांबा म्हणावं तर दोरावर भार. आठव्या मजल्यावरच्या ऑफिसात त्या न विचारता शिरल्या आणि काचेवर थाप मारली.

नवरा बाहेर होता. बायकोला बघून तो खुलला. आणि थट्टा म्हणून त्याने फेसाचा बोळा थेट तिच्या तोंडासमोर गोल गोल फिरवला. काचेवर नुसता फेस. वहिनींना पलीकडचा माणूस दिसेना. त्या रडायलाच लागल्या. मागून धावत आलेल्या दिराने बाजूची खिडकी उघडली.

"अहो, आधी आत या. काही विचारू नका," वहिनी म्हणाल्या.

तो आत आला. चारचौघांसमोर त्यांनी त्याचा दंड घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी गोदामाच्या तुळईला त्या दोन दोरांतला एक बांधला. त्याला वाळूचं एक पोतं टांगलं, मग दुसरं, मग तिसरं. दोर तुटला नाही. चौथ्यालाही नाही. पोरं हसायला लागली.

"ताकसुद्धा फुंकून पिणारी बाई आहे ही," नवरा म्हणाला. "मला खिडकीतून ओढून काढलं, जसा काही मी मांजर."

वहिनी दोराकडे बघत राहिल्या. कडी सुटली होती की नव्हती? चार पोती पेलणारा दोर उद्या पाचवं पेलणार होता का? बोटं खरी की पोरगी खरी, काहीच उमगत नव्हतं. आपण चुकलो असलो तर बरंच, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि तरी बरं वाटत नव्हतं.

"चला, उद्या याच दोरावर राहिलेल्या काचा उरकतो," नवरा म्हणाला.

"नको, दादा," दीर एकदम म्हणाला.

"अरे, आत्ता डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं. तरी नको."

"तू स्वतः जातोस ना रोज? तुझाही त्याच बादलीतला."

दिराने मान खाली घातली.

"माझा मी धुतला त्याच दिवशी बदलून घेतला."

"का?"

"उगाच. जीव धजेना."

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळायला थोडा वेळ लागला.

"आणि माझा?"

"वहिनींनी पास केला होता ना," दीर म्हणाला.

वहिनी पुढे झाल्या आणि एकट्याच पोती सोडवायला लागल्या.