तीन मिनिटांचा रंग

या, जरा पुढे सरकून बसा. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. हिच्यात राजा नाही, लढाई नाही, चमत्कार तर औषधालाही नाही. एक रंगारी होता आणि त्याला एक लेक होती, एवढंच. पण ही सांगताना आवाज आपोआप खाली येतो, म्हणून म्हटलं, जवळ या.

तर रंगारी त्या सकाळी रुग्णालयात लेकीच्या खाटेशी डबा उघडून बसला होता आणि लेक त्याला हसत होती.

"बाबा, बटाटा इतका कुस्करलाय की हा भिंतीला लावायचा की खायचा?"

"गप खा. दात आहेत म्हणून वाटेल ते बोलू नये."

"दात आहेत हो, आतडं धड नाही. दातांचं काय लोणचं घालू?"

रंगाऱ्याने चमचा तिच्या हातात कोंबला. हसू आलं होतं, पण बापाने प्रत्येक वेळी हसलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

तो भिंती रंगवणारा रंगारी नव्हे. त्याच रुग्णालयाच्या तळघरात तो माणसांच्या शरीरातले तुकडे रंगवायचा. डॉक्टर तुकडा काढत, तो मेणात बसवला जाई, मग शेजारच्या टेबलावरच्या मावशी त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर ठेवत. काप काचेवर आला की तो रंगाऱ्याचा. एकतीस वर्षं हेच काम. बोटांची टोकं तपकिरी होऊन गेली होती. साबण हरले, ती हरली नाहीत.

आणि लेक चाव्या करायची. गल्लीच्या तोंडाशी तिची टपरी होती, त्यात एक यंत्र आणि एक स्टूल. चौदाव्या वर्षी तिच्या मोठ्या आतड्याला दुखणं लागलं. दिवसातून पंधरा-पंधरा वेळा पळावं लागे, रक्त जाई. औषधांनी दोन महिने बरे जात, तिसऱ्यात पुन्हा तेच. अशा पोरीने गल्लीत दुकान कसं चालवावं? तर गल्लीतल्या नऊ दुकानदारांनी आपापल्या संडासाची एकेक जादा चावी तिच्याकडूनच करून घेतली आणि तिलाच देऊन टाकली. जुडगा वाजवत ती म्हणायची, "राजाला एक सिंहासन असतं. माझी नऊ आहेत."

आता बाविसावं लागलं होतं आणि औषधं एकेक करून हात टेकत होती. ज्यांना सगळे मॅडम म्हणत त्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बापलेकीला समोर बसवून सांगितलं, "दोन वाटा आहेत. मोठं आतडं काढून टाकायचं. मग पोटावर एक पिशवी लावावी लागेल, मळ तिच्यात जमेल. नाहीतर या नव्या इंजेक्शनला आणखी वेळ द्यायचा. पण आतून खरंच भरून येत असेल तरच. उगीच थांबलो तर आतडं फुटेल."

"भरून येतंय हे कसं कळणार?" लेकीने विचारलं.

मॅडमनी कागदावर पेशींची एक रांग काढली. "आतड्याचं अस्तर म्हणजे एका पेशीच्या जाडीची भिंत. पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि दोन पेशींच्या मधे त्यांना एकमेकींशी बांधून धरणारी प्रथिनं. ती असली की आतला कचरा आत राहतो. तुझ्या दुखण्यात ती बांधणारी कमी होतात, आणि सांध्यातून वाट करून देणारं एक दुसरंच प्रथिन वाढतं. मग जंतू आत झिरपतात, शरीर त्यांच्याशी भांडायला उठतं, आणि त्या भांडणात भिंत आणखी ढासळते. आधी फट पडली की आधी भांडण लागलं, ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. आमचा त्यावरच अभ्यास चाललाय. दुर्बीण घालून बघू, तुकडे घेऊ, आणि त्या बांधणाऱ्या प्रथिनाला रंग देऊ. रेघ अखंड आली तर थांबायला आधार आहे."

खोलीबाहेर आल्यावर लेक चेष्टा करेल म्हणून रंगारी वाट बघत राहिला. ती म्हणाली, "बाबा, पिशवी नको." आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आठ वर्षांत तिने बापाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

तुकडे आले ते गुरुवारी. डबीवर नाव नसतं, फक्त आकडा असतो. पण सोबतच्या चिठ्ठीवर वय आणि तारीख असते, आणि बाप काही आंधळा नव्हता. तळघराचा जुना नियम असा, की घरच्या माणसाची काच आपण रंगवायची नाही. दुसऱ्याकडे द्यायची, कारण न सांगता. मावशींनी काप काढून काच पुढे केली आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"मी रंगवू का रे ही?"

"तुमचा हात कापायचा, मावशी. रंगाला माझाच बरा."

"हात बरा आहे रे. मी हाताचं विचारलं नाही."

तो काच घेऊन आपल्या टेबलाकडे वळला. देवाचं नाव घेऊन कामाला बसला. दर खेपेला असते तशी निरोगी आतड्याची एक काच त्याने सोबत घेतली. तिला तळघरात साक्षीदार म्हणत. दोघींना एकच औषध, एकच रंग, एकच वेळ. साक्षीदाराची रेघ नेहमीसारखी आली तर रंग खरा बोलला, नाही आली तर सगळा घाणा फेकून द्यायचा. शेवटचा तपकिरी रंग बरोबर तीन मिनिटं ठेवायचा. जास्त ठेवला की तो जिथे प्रथिन नाही तिथेही चढतो आणि खोटं बोलायला लागतो.

तीन मिनिटं झाली. त्याने साक्षीदार उचलला, पाण्यात घातला. मग लेकीची काच रंग न धुताच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. रेघ होती, पण तुटक. पेशी एकमेकींच्या शेजारी उभ्या होत्या, अनोळखी माणसं उभी असतात तशा, आणि मधल्या फटी पांढऱ्या.

घड्याळ त्याला दिसत होतं, कुणी झाकलं नव्हतं. चौथ्या मिनिटाला एक फट बुजली. त्याला वाटलं, येतोय, रंग येतोय, उशिरा येतोय एवढंच. पाचव्याला आणखी दोन बुजल्या. दुसऱ्या कुणाची काच असती तर त्याने ती तिसऱ्या मिनिटालाच ओढून धुतली असती. सातव्या मिनिटाला रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड झाली, तेव्हा त्याने काच पाण्यात बुडवली आणि डोळे मिटून हात जोडले.

मॅडमनी काच बघितली. "जरा गडद आलीय का?"

"साक्षीदार बघा, मॅडम."

साक्षीदार चोख होता. तीन मिनिटांत काढलेला, चोख का नसेल?

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "थांबू या."

लेकीला निरोप कळला तेव्हा तिने बापाची तपकिरी बोटं धरून त्याला खोलीत एक गिरकी घ्यायला लावली. आई दारातून ओरडली, "अगं, पडाल दोघं!"

पाच आठवडे बरे गेले. सहाव्यात तिला ताप चढला, पोट दगडासारखं झालं. आतडं फुटलं होतं. तातडीने पोट उघडलं, आतडं काढलं, जी नको होती ती पिशवीही लावली. पण विष रक्तात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी, आई पाणी आणायला गेली असताना, ती गेली.

दहा दिवसांनी रंगारी तळघरात आला. त्या गुरुवारचा मेणातला तुकडा अजून कपाटात होता. त्याने मावशींकडून त्याचा नवा काप मागून घेतला. मावशींनी काच त्याच्या हातात दिली. त्याने साक्षीदार घेतला, रंग घातला, आणि तीन मिनिटांनी दोन्ही काचा एकदम उचलल्या. मग जुनी आणि नवी अशा दोन्ही काचा घेऊन तो मॅडमकडे गेला.

मॅडमनी आधी जुनी, मग नवी काच सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. नवीवर फटी पांढऱ्याच होत्या.

"ही जुनी मी सात मिनिटं ठेवली होती," तो म्हणाला. "साक्षीदार तीनला काढला."

"चुकून?"

"ते मला माहीत असतं तर बरं झालं असतं."

मॅडमनी चष्मा काढला. "मामा, मी एकट्या काचेवर ठरवलं नव्हतं. दुर्बिणीत जखमा भरत आलेल्या दिसत होत्या. तिचीही थांबायचीच इच्छा होती."

"पण पारडं कशाने झुकलं?"

माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं सोपं असतं. पण समोरचा तेच करून बसला होता.

"काचेने," त्या म्हणाल्या.

घरी त्याने बायकोलाही सांगितलं, उभ्या उभ्या, चपला न काढता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तिला कळलं होतं का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंत?" असं म्हणून तिने त्याचं ताट वाढलं, समोर सरकवलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पुढे दोघं एका घरात राहिली, एका ताटलीतला तुकडाही वाटून खाल्ला, पण तो प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही आणि त्यानेही तो विषय काढला नाही.

त्याला कामावरून काढलं नाही. त्याने स्वतःच लिहून दिलं, की आपल्याला रंगाला बसवू नये. तेव्हापासून तो तळघराच्या कोपऱ्यात वापरलेली भांडी धुतो. बरी धुतो.

वर्षाने मॅडमचा अभ्यास छापून आला. त्यांनी एक प्रत स्वतः खाली आणून दिली. ओले हात पुसून रंगाऱ्याने ती उभ्यानेच वाचली. शास्त्राचं फारसं कळलं नाही, पण आकडे कळले. सुरुवातीला चौसष्ट जणांचे तुकडे घेतले होते. एक तुकडा नियमाबाहेर हाताळला गेल्यामुळे वगळला. शेवटी लिहिलं होतं, ज्यांनी या कामासाठी आपलं शरीर दिलं त्या त्रेसष्ट रुग्णांचे आभार.

त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पुन्हा नळ सोडला.

बाबांनो, बायांनो, गोष्ट इथे संपली. बापाला बोल लावायचा की नाही, ते ज्याचं त्याने आपल्या देवाला विचारावं. माझं मागणं त्याच्यासाठी नाही. उद्या कधी हात जोडून बसाल आणि आपल्या माणसांची नावं घेऊन होतील, तेव्हा उठायच्या आधी एक क्षण थांबा, आणि त्या चौसष्टाव्या पोरीची आठवण काढा. तिनेही दिलं होतं.